पांडेसऱ्यात कूलर आणि एसी सांभाळताना

आपल्यातली बरीच घरं जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. तिकडच्या कोरड्या उन्हात कूलर जसा गार वारा देतो तसा इथे देत नाही. सुरतेची हवा दमट, त्यामुळे पाणी कमी उडतं. म्हणून कूलर खिडकीबाहेरची हवा ओढेल असा बसवावा आणि समोरचं दार-खिडकी उघडी ठेवावी. पावसाळ्यात पंप बंद, नुसता पंखा.

मिलची काजळी आणि कापडाचे तंतू ही इथली खास कटकट. एसीची जाळी 15 दिवसांनी धुवावी. बाहेरच्या युनिटवर जोराचा फवारा मारू नये, पातळ पत्र्या वाकतात. दरवर्षी गॅस भरायला सांगणाऱ्या मिस्त्रीला आम्ही आधी गळती दाखवायला सांगतो. गॅस वापरून संपत नाही, गळाला तरच कमी होतो.

कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासाव्यात. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

सगळ्यांत जास्त काळजी अर्थिंगची. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय, एवढ्यावर जीव जातो. भाड्याच्या खोल्यांत प्लगला तिसरं भोक असतं, पण मागे तार असेलच असं नाही. हंगामाआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जमल्यास 30 मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवा. पाणी भरताना बटण बंद करून थांबू नका, पिनच काढा. वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही आत करंट राहतो.