पेंडेला आलेली बुरशी

आमच्या पेठ तालुक्यात खुरासणी पिकते. तेल काढलं की उरते पेंड, ती गुरांपुढे. बुरशी आली तर उकिरड्यावर! आजीचा नियम.

पण जावात (प्रोग्रामिंगची नव्हे, खरीखुरी!) लोक शेंगदाण्याची पेंड भिजवून, वाफवून तिच्यावर मुद्दाम बुरशी वाढवतात. न्यूरोस्पोरा, रंगाने नारिंगी. एक-दोन दिवसांत तिचे तंतू पेंडेची घट्ट वडी बांधतात, आणि माणसाला न पचणारा चोथाही ती फोडते. हा झाला ओंचोम. तो तळून खातात. याच बुरशीच्या एका भावंडावर बीडल आणि टेटम यांनी १९४१ साली जनुकांचे प्रयोग केले, १९५८ चं नोबेल त्यासाठीच.

म्हणजे आजी चुकली? छे! १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. त्यांच्या खाद्यात शेंगदाण्याची पेंड होती आणि पेंडेत ॲस्परजिलस फ्लेव्हस ही दुसरीच बुरशी. तिच्या विषाला पुढे नाव पडलं अफ्लाटॉक्सिन. ते डोळ्यांना दिसत नाही, शिजवूनही पुरतं जात नाही.

आजीकडे ओळखीची बुरशी नव्हती, एवढंच. जावात मात्र आदल्या ओंचोमचं विरजण हाताशी असायचं.