देवगिरीचा स्वरप्रस्तार आणि चेन्नईचे वाचक

लहानमोठ्या धिरड्यांची एक चवड ताटात आहे. उलथने मध्ये कोठेही खुपसावे आणि त्यावरचा सगळा भाग एकदम उलटा करावा. दुसरी कोणतीही हालचाल करावयाची नाही. मोठ्यात मोठे धिरडे तळाशी व लहानात लहान वर, अशी चवड किमान किती उलटण्यांत लागेल? अमेरिकन गणितज्ञ जेकब गुडमन यांनी १९७५ साली टोपणनावाने हे कोडे विचारले. १९७९ मध्ये बिल गेट्स आणि ख्रिस्तोस पापादिमित्रिउ यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि स्वयंपाकघरातले हे कोडे संगणकशास्त्रात मानाने जाऊन बसले.

रांगेचा आरंभीचा भाग उलटा करण्याची ही क्रिया आपल्या भूमीत मात्र फार पूर्वी, आणि तीही गायनशास्त्रात, आढळते. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात स्वरांचे सर्व क्रम ओळीने मांडण्याची रीत दिली आहे. तिला प्रस्तार म्हणतात.

रीत अशी: डावीकडून पाहत जावे. ज्याच्या डावीकडे त्याहून खालचा स्वर आहे, असा पहिला स्वर गाठावा. त्याच्याखाली, डावीकडच्या त्या खालच्या स्वरांपैकी त्याला सर्वांत जवळचा स्वर लिहावा. उजवीकडचे स्वर जसेच्या तसे उतरवावेत आणि उरलेले डावीकडे मूळ क्रमाने भरावेत. ‘सा रे ग म’ पासून निघाले, की सहावी ओळ ‘ग रे सा म’ येते. आता ‘म’च्या खाली ‘ग’ आला, उरलेले क्रमाने भरले, आणि सातवी ओळ झाली ‘सा रे म ग’.

आजच्या दृष्टीने पाहा. ‘ग’ आणि ‘म’ यांची अदलाबदल केली, तर ‘म रे सा ग’ होते. पहिले तीन स्वर उलटे केले, की ‘सा रे म ग’. हा योगायोग नव्हे. गाठलेल्या स्वराच्या डावीकडचा भाग नेहमी उतरताच असतो आणि अदलाबदलीनंतरही उतरताच राहतो. म्हणून एका उलटण्याने तो चढता होतो. अशा रीतीने सात स्वरांचे ५०४० क्रम एकही न गळता, एकही दुबार न येता मांडले जातात.

हा ग्रंथ १८९६–९७ साली पुण्याच्या आनंदाश्रमाने छापला. पुढे मद्रासच्या अड्यार ग्रंथालयाने १९४३ पासून, पंडित सुब्रह्मण्य शास्त्री यांच्या संपादनाखाली, कल्लिनाथ व सिंहभूपाल यांच्या टीकांसह त्याची आवृत्ती काढली. राजा श्रीधरन आणि त्याच नगरीतील आर. श्रीधरन व एम. डी. श्रीनिवास या अभ्यासकांनी शार्ङ्गदेवाच्या या गणिताचे सविस्तर विवेचन केले. ते २०१० साली प्रसिद्ध झाले. देवगिरीच्या विद्येला चेन्नईत असे साक्षेपी वाचक लाभले.

मग १९७५ चे कोडे आपल्या पूर्वजांनी सोडविले होते काय? नाही. कोणताही सप्तस्वरी क्रम अधिकात अधिक ८ उलटण्यांत सरळ करता येतो, हे आज ठाऊक आहे. शार्ङ्गदेवाने तसा प्रश्नच केला नव्हता. ‘उलटा करा’ असेही तो म्हणत नाही. ‘मूळ क्रमाने भरा’ एवढेच सांगतो. अमुक क्रमांकाची ओळ कोणती आणि अमुक ओळीचा क्रमांक कोणता, हे सारा प्रस्तार न मांडता कसे सांगावे, हा त्याचा प्रश्न होता. त्यासाठी त्याने खंडमेरू नावाचे कोष्टक दिले. पूर्वजांचा गौरव करावयाचा, तर त्यांनी न केलेला पराक्रम त्यांच्या नावावर मांडू नये. त्यांनी खरोखर विचारलेला प्रश्न समजून घ्यावा. तो पुरेसा थोर आहे.