मुदगलची सोनारकन्या
कलबुर्गीचा जुना किल्ला पाहताना आम्हांस बहमनी सुलतानांआधी मुदगलच्या एका सोनाराची मुलगी आठवते. फिरिश्ता तिचे नाव परथाल असे देतो. काशीहून परतलेल्या एका ब्राह्मणाने तीस संगीत शिकविले आणि विजयनगरास देवरायापुढे तिची स्तुती केली. रायाने अलंकार पाठविले, आईबाप हरखले. मुलीने मात्र नकार दिला. राजवाड्यात गेलेल्या स्त्रीस आईबापांचे दर्शन पुन्हा घडत नाही, हे तिचे कारण!

१४०६ च्या सुमारास रायाचे स्वार मुदगलवर आले. सोनाराचे कुटुंब आधीच पळाले होते. स्वारांनी मुलूख लुटला, आणि कलबुर्गीच्या फिरोजशहास युद्धाचे निमित्त मिळाले. निमित्तच म्हणावयाचे, खरा दावा कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबाचा, तो पिढ्यान् पिढ्या चाललेला. फिरिश्ताने हे सुमारे दोनशे वर्षांनी लिहिले. आम्हां वकिलांच्या लेखी ही ऐकीव साक्ष. तरी त्या नकाराचे कारण इतके घरगुती आहे की ते सर्वस्वी रचलेले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

देवराय हरला. तहात त्याने आपली कन्या आणि बंकापूरचा किल्ला दिला. मग परथालला आणविण्यात आले. सुलतानाने स्वतःचे वय ओळखून तिचा विवाह पुत्र हसनखानाशी लावला. आणि ज्यांच्यासाठी तिने राणीपद नाकारले होते, त्या आईबापांस द्रव्य व जमीन इनाम दिली.