सिंबियन प्रणालीचा वारसा व नोकियाचे सुधारणाप्रयत्न

फिनलंडमधील नोकिया ही कंपनी स्मार्टफोनच्या व्यवसायात मागे पडली ती गाफील राहिल्यामुळे, असे सामान्यतः सांगितले जाते. घटनाक्रम पाहता हे मत टिकण्याजोगे नाही. 2005 ते 2010 या काळात तिच्या फोनांतील सिंबियन या कार्यप्रणालीत एकामागून एक सुधारणा झाल्या. त्या अपुऱ्या का ठरल्या, हा खरा प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर प्रणालीच्या जन्मकाळात शोधावे लागते.

सिंबियनचे मूळ लंडनच्या सायऑन कंपनीच्या 'एपॉक' प्रणालीत आहे. 1997 साली निघालेल्या तिच्या सिरीज 5 या हातसंगणकात अवघी 4 किंवा 8 मेगाबाइट स्मृती होती व तो पेन्सिल सेलच्या जोडीवर चाले. 1998 मध्ये सायऑन, नोकिया, एरिक्सन व मोटोरोला यांच्या भागीदारीत सिंबियन कंपनी स्थापन झाली, तेव्हा ही काटकसर तिला वारशाने मिळाली. सी++ भाषेतील अपवाद-हाताळणीची सोय त्या वेळी पुरेशी परिपक्व नव्हती. म्हणून रचनाकारांनी स्वतःची वेगळी रीत घातली. जे कार्य मध्येच खंडित होण्याचा संभव असे, त्याच्या नावाच्या अंती 'एल' हे अक्षर जोडावयाचे. वर्गांच्या नावांआधी प्रकारानुसार सी, टी, आर अथवा एम लावावयाचे. मजकुरासाठी 'डिस्क्रिप्टर' वापरावयाचे. आणि वस्तूची रचना दोन टप्प्यांत करावयाची. ही जणू एक स्वतंत्र बोलीच होती. तिचे बरेचसे नियम कंपाइलर पाळून घेत नसे, ते लिहिणाऱ्याच्या अंगवळणी पडावे लागत. नवख्याला ती दुर्गम वाटे यात नवल नाही. परंतु अल्प स्मृतीत दीर्घकाळ न कोसळता चालणे हे तिचे यश निर्विवाद आहे.

2005 च्या नवव्या आवृत्तीत सुरक्षेची व्यवस्था आमूलाग्र बदलली. जुने प्रोग्राम नव्या फोनांवर चालेनासे झाले, आणि मूळ बोली मात्र तशीच राहिली. म्हणजे फारकतीची किंमत मोजूनही फारकतीचा लाभ पदरी पडला नाही. 2007 मध्ये आयफोन आल्यानंतर 2008 साली नोकियाने 5800 हा स्पर्शपटाचा फोन काढला. त्याच्या याद्यांमध्ये पहिल्या स्पर्शाने ओळ केवळ निवडली जाई व दुसऱ्या स्पर्शाने ती उघडे. बोटाला याची गरज नव्हती. ही कळफलकाच्या काळातील खूण होती. संस्कृतातील विभक्तिव्यवस्था विस्कटल्यावरही तिचा अवशेष मराठीच्या सामान्यरूपात टिकून राहिला, त्यातलाच हा प्रकार. भाषेत मात्र अशा अवशेषाला नवे कार्य मिळते. येथे ते मिळाले नाही.

यावर उपाय म्हणून 2008 मध्येच नोकियाने नॉर्वेची ट्रोलटेक ही कंपनी तिच्या 'क्यूटी' या साधनसंचासह विकत घेतली. सिंबियनची मालकी पूर्णपणे आपल्याकडे घेऊन 2010 च्या फेब्रुवारीत प्रणालीची मूळ संहिताही खुली झाली. त्याच महिन्यात इंटेलसह 'मीगो' ही दुसरी प्रणाली जाहीर करण्यात आली. क्यूटीवर आधारलेला नवा दर्शनी भाग ज्या चौथ्या आवृत्तीत यावयाचा होता, ती 2010 च्या ऑक्टोबरात रद्द झाली. इतके मार्ग एकाच वेळी धरण्यात सावधपणापेक्षा अनिर्णयच अधिक दिसतो.

त्या अनिर्णयाला आकड्यांनीही आधार पुरविला असावा. गार्टनरच्या गणनेनुसार 2009 मध्ये सिंबियनचे सुमारे 8 कोटी फोन विकले गेले, तर 2010 मध्ये 11 कोटींहून अधिक. विक्री वाढत असताना बाजारातील वाटा मात्र 46.9 टक्क्यांवरून 37.6 टक्क्यांवर उतरला. 2011 च्या फेब्रुवारीत स्टीफन ईलॉप यांनी मायक्रोसॉफ्टची प्रणाली स्वीकारली.

2012 चा 808 प्युअरव्ह्यू हा नोकियाचा शेवटचा सिंबियन फोन. त्याच्या कॅमेऱ्याचा संवेदक 41 मेगापिक्सेलचा होता. पडदा मात्र 5800 च्याच मापाचा, 640 गुणिले 360 बिंदूंचा.