बडगामचं हेलिकॉप्टर



मी बंगळुरूत हेब्बाळला राहतो. हवाई दलाच्या प्रशिक्षण कमांडचं मुख्यालय इथून जवळच, आणि बल्लारी रोडने उत्तरेला गेलं की येलहंक्याचा हवाई तळ. एअरो इंडियाच्या दिवसांत आमच्या गच्च्या माणसांनी भरलेल्या असतात. २०१९ साली ते प्रदर्शन २० ते २४ फेब्रुवारीला झालं. ते संपून तीनच दिवस झाले होते, आणि काश्मीरमधून बडगामची बातमी आली.

आजचा विषय त्या बातमीतले आपल्या नाशिकचे वैमानिक, स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे. वय ३३. भोसला मिलिटरी स्कूलचे विद्यार्थी, पुढे औरंगाबादच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगर म्हणतो तिथे. महाराष्ट्र सरकारने १९७७ मध्ये काढलेल्या या संस्थेतून आपली कितीतरी मुलं सैन्यात अधिकारी झाली.

आधी ते दिवस आठवा. १४ फेब्रुवारीला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले. २६ तारखेच्या पहाटे आपल्या विमानांनी बालाकोटवर हल्ला केला. २७ तारखेला सकाळी पाकिस्तानची विमानं राजौरी-नौशेराच्या बाजूला आली. त्याच गडबडीत श्रीनगरहून निघालेलं आपलं एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर सकाळी दहाच्या सुमारास बडगाममध्ये कोसळलं. स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ आणि मांडवगणे यांच्यासह हवाई दलाचे सहा जण गेले. जमिनीवरचा एक स्थानिक नागरिकही गेला.

१ मार्चला नाशिकच्या अमरधाममध्ये लष्करी इतमामात मांडवगणेंवर अंत्यसंस्कार झाले. त्याच रात्री विंग कमांडर अभिनंदन वर्धमान वाघा सीमेवरून परत आले. साऱ्या देशाचं लक्ष तिकडे होतं, आणि त्या आनंदात गैर काहीच नव्हतं. पण बडगामची बातमी मागे पडली ती पडलीच. सुरुवातीला ती बहुतेकांनी अपघात म्हणूनच ऐकली होती.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल भदौरिया यांनी पत्रकारांसमोर सांगितलं, की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं. ही आपली मोठी चूक होती, असं त्यांनी स्पष्ट कबूल केलं.

हे होतं कसं? प्रत्येक लष्करी विमानात मित्र की शत्रू हे सांगणारं एक यंत्र असतं. त्याला आयएफएफ म्हणतात. जमिनीवरून विचारणा होते, 'कोण आहेस?' यंत्र ठरलेल्या खुणेने उत्तर देतं. पण ते यंत्र चालू हवं, आणि आपलं कोणतं विमान आत्ता कुठे आहे हे क्षेपणास्त्रावर बसलेल्याला कळलेलं हवं. शत्रूची विमानं आल्याची वर्दी असताना विचार करायला मिळतात मोजके क्षण. बडगामच्या चौकशीत ओळख आणि समन्वयातल्या चुकाच पुढे आल्या.

जगात हे आधीही घडलंय. ६ जून १९८२ ला फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश युद्धनौका कार्डिफने ब्रिटिश सैन्याचंच गझेल हेलिकॉप्टर पाडलं. चौघे गेले. सरकारने ते मान्य करायला चार वर्षं लावली. १४ एप्रिल १९९४ ला उत्तर इराकवर अमेरिकेच्या एफ-१५ विमानांनी आपलीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ माणसं गेली.

मी पायदळातला माणूस. उंचावरच्या चौकीत हेलिकॉप्टरचा आवाज म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच कळतं. रसद येणार, पत्रं येणार, जखमी गडी खाली जाणार. त्या आवाजाकडे आम्ही कधी संशयाने पाहिलं नाही. म्हणून बडगाम मला जास्त लागतं.

कुणी म्हणतात, सन्मान झाला, मग आता हे कशाला उकरायचं? २०२० च्या प्रजासत्ताक दिनी वशिष्ठ आणि मांडवगणे या दोघांना मरणोत्तर वायुसेना पदक जाहीर झालं, हे खरंच. पण माझं मत वेगळं आहे. आपल्याच माणसांच्या चुकीने मरण आलं म्हणून वैमानिकाचं शौर्य तसूभरही कमी होत नाही. आकाशात लढाई पेटली असताना तो हुकमाप्रमाणे उडाला, त्याचं काम तिथे पूर्ण झालं. पुढचं काम आपलं. चूक झाकली तर तीच चूक उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी जाते. नाशिकच्या त्या घरात आईवडील होते, पत्नी होती, लहान मुलगी होती. ती मोठी होऊन विचारेल, तेव्हा तिला खरं उत्तर मिळायला हवं. ते सात महिन्यांत जाहीरपणे दिलं गेलं, याचा मला सैनिक म्हणून अभिमान वाटतो. सात महिने लागले, याची खंतही वाटते.

पुढच्या एअरो इंडियाला हेब्बाळच्या गच्चीवर नातवंडं टाळ्या वाजवतील. जरूर वाजवू दे. त्याच वेळी त्यांना निनाद मांडवगणे हे नाव सांगा, आणि गोष्ट शेवटपर्यंत सांगा.

जय हिंद.