एका गोधडीत किती लुगडी

बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणारी माणसं पालीहून पोह्याचे पापड आणि मिरगुंडं नेतात. आमच्या लहानपणी हा माल घरोघरच्या अंगणात व्हायचा. सकाळी पापड लाटून वाळत घातले की दुपारी त्याच बायका ओटीवर गोधड्या शिवायला बसत. होळी उलटलेली, भात कणगीत पडलेलं, पाऊस अजून लांब. फुरसतीचे दिवस म्हणायचे ते. फुरसत कसली, एका कामातून उठून दुसऱ्याला बसायचं.

आज आमच्याकडे, उद्या शेजारच्या काकूंकडे. ज्या घरची गोधडी त्या घरानं पन्हं आणि ओलं खोबरं घातलेले दडपे पोहे द्यायचे, एवढाच करार. जुनी लुगडी सोड्याच्या पाण्यात उकळून, कडकडीत उन्हात वाळवून, सारवलेल्या जमिनीवर ताणून पसरत. दोन लुगड्यांच्या मध्ये धोतरं, पंचे, सदऱ्यांच्या पाठी. कोपऱ्यांवर वजनाला वरवंटा किंवा भरलेला तांब्या. आधी लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे, मग चौघींनी चार बाजूंनी धावदोरा घालत आत आत सरकायचं. कडेला होत्या तोवर गप्पा मोठ्यानं चालत. मध्याकडे येतील तशी डोकी जवळ, आवाज खाली. आळीतल्या खऱ्या बातम्या त्या मधल्या वीतभर जागेत सांगितल्या जात आणि नेमकं तेव्हाच आम्हाला पापडांवरचे कावळे हाकलायला पिटाळत. अगदी मधोमध चिमूटभर तांदूळ आणि हळदकुंकू ठेवून शिवून टाकायचं. उपाशी गोधडी ऊब देत नाही म्हणे. देवळात आरतीची घंटा झाली की सगळ्या उठत. या देवळात चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतली, 1739 सालातली घंटा आहे. आजी तिला 'फिरंग्यांची' म्हणे. आरतीला वाजे ती हीच की दुसरी, हे मात्र आता कुणाला विचारू?

ओटीवर बसत त्या आमच्या आळीतल्या. एक कातकरीण यायची, ती खाली अंगणात बसे. तिचा टाका सगळ्यांत बारीक आणि सरळ, म्हणून कडेचं काम तिच्याकडे. मोबदला पायलीनं भात, आणि प्यायचं पाणी वरून ओतलेलं. आजी ही गोष्ट सांगताना भरभर पुढे जायची. ओटीवर ज्या गोधड्यांचं कौतुक होई, त्यांच्या कडा तिच्या हातच्या होत्या.

आजीच्या सनावळ्यांचा भरवसा धरू नये. पाली भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात होती. ते 1948 साली विलीन झालं. दुसऱ्या महायुद्धातलं कंट्रोलचं कापड त्याच्या आधीचं. पण आजीच्या हिशेबात कापड मिळेनासं झालं आणि राजा गेला, ते एकाच वर्षी. त्या दिवसांत लुगडं जुनं व्हायलाच फुरसत नव्हती, अंगावरच विरायचं. मग नवी गोधडी कुठली? जुनीवरच ठिगळं चढत. अशी एक अंगावर घेतली की पोराला कूस बदलता येत नसे.

पुढे काका मुंबईला गिरणीत लागले. शिमग्याला येताना ट्रंकेबरोबर कटपीसचं गाठोडं असे, आणि गोधडीत पहिल्यांदा गुलाबी, पोपटी असे रंग आले. जानेवारी 1982 मध्ये संप झाला आणि गाठोडं थांबलं. आजीचा राग मात्र संपावर नव्हता, नायलॉनवर होता. सुनांनी सहावारी गुळगुळीत साड्या नेसायला घेतल्या. थर घसरतो, घाम टिपत नाही, धुऊन धुऊन मऊ होत नाही. सोलापुरी चादरीनं गोधडी मारली असं लोक म्हणतात. मला आजीचंच पटतं. चादरी तर आधीपासून घरात होत्या, सुती लुगडीच घरातून गेली.

जुलै 1989 मध्ये अंबा नदीचा पूर जवळच्या जांभूळपाड्यात शिरला. घरं गेली, माणसं गेली. त्या पावसात भिजलेलं पांघरूण वाळणार कुठे? आमच्या आळीतून कोरड्या गोधड्या गोळा होऊन तिकडे गेल्या. आजीनं दोन दिल्या की तीन, यावर घरात एकमत नाही. चांगल्यातल्या दिल्या एवढं खरं, कारण मागे राहिली ती ठिगळांचीच.

तीच परवा उसवली. आतून आजोबांच्या धोतराचा काठ निघाला, खाली कंट्रोलचं जाडंभरडं कापड, त्याखाली हिरव्या चौकड्यांचा तुकडा. तो माझ्या परकराचा, धाकटी आत्या म्हणाली. थोरली म्हणाली, तुला परकर होता कुठे, माझेच नेसायचीस. दोघी ऐंशीच्या पुढच्या. वाद मिटेना, तेव्हा चुलतभावाच्या सुनेनं दोघींच्या हातात सुया दिल्या. ओवता एकीलाही येईना. ओवून दिल्यावर दोघी समोरासमोरच्या कडांना बसल्या, आणि पहिल्या चार टाक्यांतच थोरलीनं धाकटीला सुनावलं, "किती लांब टाका गं तो, पाय अडकेल त्यात!"