३ लाख सर्व्हर आणि एक डबा

२१ मे २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हा गेम कन्सोल जाहीर केला, तेव्हा यंत्राइतकंच कौतुक झालं ते त्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या ३ लाख सर्व्हरचं. घरातला डबा कमी पडला तर उरलेलं गणित क्लाउड, म्हणजे हे दूरचे सर्व्हर, करील, असा तो वायदा. खेळणाऱ्यांच्या शंकांना अडाणीपणा म्हणणं सोपं होतं, पण त्यांना ताजं कारण होतं. अडीच महिन्यांपूर्वीच आलेला सिमसिटी हा शहर वसवण्याचा खेळ एकट्याने खेळायलाही इंटरनेट मागत होता. म्हणे, बराचसा हिशोब तो खेळ काढणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर होतो. पहिल्याच दिवसांत सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजलेल्यांना स्वतःचं शहर उघडता येईना. लवकरच हौशी प्रोग्रॅमरांनी सर्व्हरशी जोडणी तोडूनही खेळ चालतो हे दाखवलं, आणि पुढच्या मार्चमध्ये कंपनीनेच ऑफलाइन सोय दिली. गरज म्हणून सांगितलेली गोष्ट सोय निघाली, तीही विकणाऱ्याची.

तरी क्लाउडचा वायदा निव्वळ थाप नव्हता. अडचण वेळेची होती. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात दूरच्या सर्व्हरकडून उत्तर येईलच याची हमी नाही. थांबू शकणारं काम बाहेर देता येतं, गोळी लागताच फुटणारी भिंत देता येत नाही. टायटनफॉल या खेळाने २०१४ मध्ये संगणकाच्या ताब्यातले सैनिक सर्व्हरवर चालवून दाखवले, हा आक्षेप रास्त. पण तो खेळ मुळातच ऑनलाइन सामन्यांचा. खरी कसोटी क्रॅकडाउन ३ ची होती. २०१५ मध्ये त्यात क्लाउडच्या जोरावर अख्ख्या इमारती कोसळताना दाखवल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये खेळ आला तेव्हा ती पडझड फक्त ऑनलाइन सामन्यांपुरती उरली होती. एकट्याच्या मोहिमेतून ती वगळली, हे माझ्या मते शहाणपणाचंच झालं.

नेट वेगवान झालं की हे प्रश्न मिटतील, असं सांगितलं जातं. वेगाचा मिटेलही, मालकीचा कसा मिटेल? गूगलच्या स्टेडियाने नोव्हेंबर २०१९ पासून डबाच काढून टाकला, सगळा खेळ सर्व्हरवर. चित्र अनेकांच्या घरी नीट पोचत होतं. सेवा १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली ती पुरेशी गिऱ्हाइकं न मिळाल्याने. कंपनीने खेळांचे पैसे परत केले, हा चांगुलपणा मान्यच. फक्त स्टेडियासाठी केलेला आउटकास्टर्स हा खेळ मात्र त्या सर्व्हरबरोबरच गेला; फडताळात ठेवायला त्याची डिस्क कधी निघालीच नव्हती.